सागाच्या पानांवर दुष्काळाचा प्रयोग: कुंडीपासून रीड्सपर्यंत

सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. रानाजवळ वाढलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. पाणी कमी पडलं की सागाची कोणती जनुकं चढतात-उतरतात हे पाहायला पानातला आरएनए (चालू जनुकाची नक्कल) काढून मोजतात; प्रयोगशाळेत तो काढायला बसलात की हीच पानातली रसायनं आडवी येतात. पण पाण्याच्या ताणावरचे बहुतेक प्रयोग त्याआधीच, कुंडीपाशी बिघडलेले असतात. म्हणून सुरुवात कुंडीपासून.

रोपं शक्यतो एकाच क्लोनची, टिश्यू कल्चरची घ्या. बियांपासून केलेल्या रोपांत प्रत्येकाची जनुकं वेगळी, त्यामुळे पाच-सहा कुंड्यांतला फरक पाण्याचा की वंशाचा हे सांगता येत नाही. वय सहा ते आठ महिने, प्रत्येक गटात किमान ६ रोपं. प्रयोग वाढीच्या हंगामात, पण पाऊस अडेल अशा छपराखाली लावा. हिवाळ्यानंतर साग तसाही पानं गाळतो. तेव्हा पान खुडलंत तर दुष्काळाची जनुकं आणि म्हातारपणाची जनुकं एकत्र हाती येतात. मे महिन्यातलं बंद पॉलिहाऊस त्याहून वाईट. तिथे उष्णतेची जनुकं इतकी चढतात की पाण्याचा परिणाम त्याखाली दबतो.

‘पाणी बंद केलं’ ही ट्रीटमेंट नव्हे. छोट्या पिशवीतलं रोप चार-पाच दिवसांत मान टाकतं आणि तुम्ही मोजता तो धक्का, दुष्काळ नव्हे. कुंडी वजनावर चालवा. समजा कुंडीत १० किलो कोरडी माती आहे. ती पूर्ण भिजवा, वरून प्लास्टिक झाका, २४ तास निथळू द्या आणि वजन करा. मातीने २.५ किलो पाणी धरलं असेल तर ते १०० टक्के. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी पुरेसं पाणी दिलेला गट, ८० टक्क्यांवर म्हणजे २ किलो पाणी, ताणाचा गट ४० टक्क्यांवर म्हणजे १ किलो. रिकाम्या कुंडीचं वजन मिळवायला विसरू नका. ४० पर्यंत उतरायला ७ ते १० दिवस द्या, मग रोज संध्याकाळी वजन करून उडालेलं पाणी तेवढंच भरा. महिनाभरात रोपाचंही वजन वाढतं आणि तराजू ते पाणी समजतो; म्हणून प्रत्येक गटात दोन जादा रोपं ठेवा आणि मधेच उपटून तोला.

नमुना तीनदा घ्या: ४० टक्क्यांवर पोचताच, त्यानंतर सातव्या दिवशी, आणि पुन्हा पाणी दिल्यावर ४८ तासांनी. शेवटचा नमुना खर्च वाचवायला गाळला जातो. गाळू नका. पाणी दिल्यावरही जे जनुक खाली येत नाही, ते बहुधा पानाच्या वयाशी बांधलेलं असतं.

सागाची पानं समोरासमोर जोडीने येतात, याचा फायदा घ्या. शेंड्याकडून तिसरी पूर्ण उघडलेली जोडी धरा. एक पान आरएनएसाठी, दुसरं सापेक्ष जलप्रमाणासाठी, म्हणजे पूर्ण फुगलेल्या पानाच्या तुलनेत त्यात किती टक्के पाणी आहे ते पाहायला. दुसऱ्या पानाच्या १० चकत्या लगेच तोला, चार तास डिस्टिल्ड पाण्यावर तरंगवा, टिपून पुन्हा तोला, ८० अंशांवर २४ तास वाळवून परत तोला. ताजं वजन वजा कोरडं, भागिले फुगलेलं वजा कोरडं, गुणिले शंभर. पानाच्या खालच्या लवेत पाणी अडकतं, तेव्हा टिपकागद नीट दाबा; नाहीतर फुगलेलं वजन खोटं वाढतं आणि कंट्रोलसुद्धा तहानलेला दिसतो.

वेळ ठरवून घ्या, सकाळी ९ ते १०, आणि कंट्रोल-ताण आलटून पालटून खुडा. ताणाची पुष्कळ जनुकं दिवसाच्या घड्याळावर चढउतार करतात. आधी सगळे कंट्रोल, मग जेवून येऊन सगळे ताणाचे, असं केलंत तर तो फरक घड्याळाचा निघेल. जाड शिरा सोडून तुकडा कापा आणि अर्ध्या मिनिटात द्रव नायट्रोजनमध्ये टाका.

आता तो लाल हात. पान वाटलं की फेनॉलचं ऑक्सिडेशन होतं, ते आरएनएला चिकटतं आणि पेलेट (नळीच्या तळाशी बसलेला आरएनएचा थर) तपकिरी येतो. साधं किट इथे अनेकदा हात टेकतं. सीटॅब बफर वापरा: सीटॅब (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) २ टक्के, पीव्हीपी (फेनॉल धरून ठेवणारं) २ टक्के, ट्रिस १०० मिलिमोलर (पीएच ८), ईडीटीए २५ मिलिमोलर, मीठ २ मोलर, बीटा-मरकॅप्टोइथेनॉल २ टक्के, पण ते ऐनवेळी, फ्यूम हूडखाली. १०० मिलिग्रॅम पावडरीला १ मिली बफर, ६५ अंशांना तापवलेला. पावडर बफरमध्ये पडेपर्यंत वितळता कामा नये. सगळ्यात जास्त आरएनए इथेच मरतो. १० मिनिटं ६५ वर, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल (२४:१) दोनदा. वरच्या थरातलं ८०० मायक्रोलिटर घ्या, मधल्या पांढऱ्या पडद्याला टिप लावू नका. आरएनए खाली बसवायला त्यात १० मोलर लिथियम क्लोराइड २०० मायक्रोलिटर, रात्रभर ४ अंशांवर. लिथियममुळे डीएनए आणि साखरा बऱ्याच मागे राहतात, तरी डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) लागतंच.

मग शुद्धता तपासा: २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर, म्हणजे २६०/२८०, दोनच्या आसपास हवं. २६०/२३० दीडच्या खाली असेल तर फेनॉल, साखरा किंवा क्षार उरलेत. ७० टक्के थंड इथेनॉलने आणखी एकदा धुवा. पानात क्लोरोप्लास्टचा आरएनएही असतो, त्यामुळे आरआयएन (आरएनए किती अखंड आहे याचा १० पैकी गुण) ७ आला म्हणून रडू नका. आधी मोजणाऱ्या यंत्रावर प्लांटची सेटिंग निवडली होती का ते पाहा.

क्यूपीसीआरला (निवडक जनुकांचा आरएनए मोजण्याची पद्धत) एनसीईडी, डीहायड्रिन, पी५सीएस, डीआरईबी२ ही ताणाच्या जनुकांतली नेहमीची मंडळी. खरी अडचण संदर्भ-जनुकाची, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकीची मोजायची त्या न हलणाऱ्या जनुकाची. ॲक्टिन किंवा जीएपीडीएच ‘सगळे वापरतात’ म्हणून घेऊ नका, ताणात तीही हलू शकतात. सहा-आठ उमेदवार तुमच्याच नमुन्यांवर तपासून स्थिर ठरलेली दोन घ्या. प्रायमरची (जनुक ओळखणारे डीएनएचे छोटे तुकडे) कार्यक्षमता ९० ते ११० टक्के, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक नळी प्रत्येक नमुन्याला, म्हणजे उरलेला डीएनए कळतो.

सगळीच जनुकं एकदम पाहायला आरएनए-सीक्वेन्सिंगला पाठवायचं असेल तर नमुन्यामागे दोन ते तीन कोटी पेअर्ड रीड्स (दोन्ही टोकांकडून वाचलेले तुकडे) पुरतात. पैसा जास्त असेल तर रीड्स वाढवण्याऐवजी रोपं वाढवा. सागाचा जीनोम २०१९पासून गुणसूत्रांच्या पातळीवर उपलब्ध आहे, तेव्हा नव्याने जुळणी करण्यात महिने घालवू नका. गटांतला फरक मोजणारं डीईसेक२ (DESeq2) हे सॉफ्टवेअर चालवण्याआधी पीसीए, म्हणजे सारखे नमुने जवळ दाखवणारा आलेख, काढा. नमुने पाण्यानुसार वेगळे न होता आरएनए काढलेल्या दिवसानुसार गोळा झाले असतील, तर बॅच (म्हणजे तो दिवस) मॉडेलमध्ये घाला. मात्र सोमवारी सगळे कंट्रोल आणि मंगळवारी सगळे ताणाचे काढले असतील तर कुठलंही मॉडेल ते सोडवू शकत नाही. उरलेली पावडर उणे ८० मध्ये असेलच. दोन्ही गट मिसळून पुन्हा काढायला घ्या.