गावच्या तळ्यात गरी टाकण्याआधी: कुठले मासे धरायचे, कुठले सोडायचे आणि आहेत किती ते कसं मोजायचं

जूनमध्ये समुद्रातली मासेमारी बंद झाली की गावातली पोरं गरी-काठी घेऊन तळ्यावर नाहीतर वरच्या पाझर तलावावर दिसायला लागतात, आणि मग दरवर्षी तेच ऐकू येतं की पूर्वी किती मासे होते, आता काय गावतच नाही. खरंच कमी झालेत का, झालेत तर कुठले झालेत, हे मोजलेलं मात्र कोणीच नसतं. एक-दोन हेक्टरचं तळं असेल तर गावातली चार-पाच माणसं मिळून हे आरामात करू शकतात, त्याला फिशरीजची डिग्री लागत नाही, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय.

पहिलं परवानगीचं बघा. गावतळं बहुतेक ग्रामपंचायतीकडे असतं, पाझर तलाव आणि धरणं सरकारी, आणि बऱ्याच ठिकाणी मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेला असतो. ठेका असेल तर त्यांना विचारल्याशिवाय गरीसुद्धा टाकू नका, त्यांनी पैसे घालून बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडलेलं असतं. देवस्थानचा कोंड (नदीतला खोल डोह) असेल तर प्रश्नच नाही, महाडजवळ वाळणकोंडीत महसीर मासे देवाचे म्हणून पिढ्यानपिढ्या राखलेत आणि ते आहेत म्हणूनच आज आपल्याला ते बघायला तरी मिळतात.

आता मुख्य मुद्दा. आपल्या तळ्यात दोन तऱ्हेचे मासे असतात आणि दोघांना एकच नियम लावला की घोळ होतो. एक म्हणजे सोडलेले, रोहू कटला मृगळ. हे मूळचे मोठ्या नद्यांचे मासे, त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, साचलेल्या तळ्यात ते वाढतात पण पिल्लं देत नाहीत. म्हणजे तुम्ही पाच किलोची कटला पुण्य म्हणून परत सोडलीत तरी त्या तळ्यात तिची पिल्लावळ काही वाढणार नाही, दरवर्षी बीज सोडलं तरच हे मासे टिकतात. ते खायलाच सोडलेले असतात, नीट वाढले की खुशाल धरा.

दुसरे आपले इथलेच, खवल, शिंगटी, वाम, मरळ वगैरे, नावं गावागावाला थोडी बदलतात. हे कोणी आणून सोडत नाही, यांचं यांनाच वाढायचं असतं, आणि त्यांची सगळी मदार मृगाच्या पहिल्या पंधरा-वीस दिवसांवर असते. पहिला जोराचा पाऊस झाला, ओहोळ लाल पाण्याने भरून तळ्याला मिळाला की यातले बरेच मासे त्या पाण्याच्या उलट चढायला लागतात, वर शेताच्या कोपऱ्यात, बांधाच्या कडेला, वितभर पाण्यात जाऊन अंडी घालतात. हेच आपले चढणीचे मासे, रायगडकडे वलगणीचे म्हणतात. त्या वेळी प्रत्येक मादी गाभोळीने टम्म असते आणि नेमकी त्याच वेळी आपण ओहोळाच्या तोंडाशी जाळं नाहीतर बांबूचा सापळा लावून अख्खी वाट अडवतो. मला चढणीच्या माशांचं तिखलं कुणाइतकंच आवडतं, पण आख्खा ओहोळ आडवा बांधून टाकणं हे तळं रिकामं करण्याचं सगळ्यात खात्रीचं काम आहे आणि मला ते बघवत नाही. करायचंच असेल तर निदान एवढं करा, अर्धा ओहोळ कायम मोकळा ठेवा, रात्री सापळा लावू नका आणि पहिल्या पुराचे दोन-तीन दिवस पूर्ण सोडून द्या.

मरळीचं अजून वेगळं. ती हवेतला श्वास घेते म्हणून गढूळ, गवताळ कोपऱ्यातसुद्धा मजेत राहते, आणि पिल्लं राखते. पावसाळ्यात तळ्याच्या कडेला गवतात पाण्यावर नारिंगी-लाल रंगाचा एक पुंजका हललेला दिसेल, ताटाएवढा, जवळ जाऊन बघितलंत तर काडीएवढी शेकडो पिल्लं एकदम वर येतात, तोंड उघडतात, परत खाली जातात. त्या पुंजक्याच्या बरोबर खाली आईबाप असतात. तिथे बेडूक नाहीतर रबरी बेडूक नाचवला तर मरळ भुकेने नाही, रागाने येऊन धरते, म्हणून पकडायला सोपी, आणि म्हणूनच तिथे टाकायचा नाही. आईबाप गेले की ती पिल्लं थोड्याच दिवसांत दुसरे मासे, साप आणि खंड्या संपवतात. एक मरळ धरली म्हणजे पुंजकाच धरला असं समजा.

तिलापिया म्हणजे चिलापी मात्र जेवढी मिळेल तेवढी काढा, लहान असो मोठी असो. हा मासा १९५२ साली बाहेरून भारतात आणला, मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते आणि वर्षातून कितीतरी वेळा विते, त्यामुळे तळं तळहाताएवढ्या चिलाप्यांनी भरून जातं आणि बाकीच्यांना खायला उरत नाही. चवीला वाईट नाही, लहान असेल तर रवा लावून कुरकुरीत तळा. आणि परदेशी मांगूर कोणी "झटपट वाढतो" म्हणून आणून सोडत असेल तर त्याला थांबवा, तो मिळेल ते खातो आणि त्याच्यावर बंदी आहे.

आता मोजणी, कारण बाकी सगळं अंदाजपंचे असतं. पद्धत जुनी आणि साधी आहे. नोव्हेंबर ते जानेवारीत करायची, सांडवा वाहायचा बंद झालेला असतो, म्हणजे मासे आत-बाहेर होत नाहीत, आणि पाणी गार असल्याने हाताळलेला मासा सहसा दगावत नाही. पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकणारा एक चांगला माणूस बघा, तळ्याच्या चारी बाजूंनी टाकायला सांगा, एकाच कोपऱ्यात नाही. मिळालेला प्रत्येक रोहू मोठ्या टबात पाण्यातच ठेवा, हात ओले करून धरा (कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी धरते), आणि पोटाखालच्या डाव्या पराचं टोक छोट्या स्वच्छ कात्रीने जरासं कापा. त्याने माशाचं काही अडत नाही, पर पुढे वाढतो. लांबी मोजून वहीत लिहा आणि सोडा. समजा असे ६० रोहू खूण करून सोडले. मग दहा-पंधरा दिवस थांबायचं, म्हणजे ते सगळीकडे मिसळतात. परत पाग टाका. समजा दुसऱ्या वेळी ८० रोहू आले आणि त्यात खूण असलेले ८ निघाले. म्हणजे दहातला एक खुणेचा, तर तुमचे ६० हे एकूण रोहूंच्या साधारण दहावा भाग, म्हणजे तळ्यात जवळपास ६०० रोहू. गणित एवढंच, पहिले गुणिले दुसरे भागिले खुणेचे. खुणेचे दोन-तीनच आले तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, अजून पागा. आणि प्रत्येक जातीची मोजणी वेगळी करायची, रोहूचा आकडा मरळीला लागू होत नाही. जाळ्याच्या डोळ्यातून सुटतील एवढे बारके मासे यात येत नाहीत हेही लक्षात ठेवा.

एवढं जमत नसेल तर निदान एक वही ठेवा. गरी घेऊन कोण कधी गेलं, किती तास बसलं, कुठले मासे किती मिळाले, लांबी किती, रिकाम्या हाताने परत आलात तरी लिहायचं, ते तर नक्कीच लिहायचं. तासाला मासे किती हा आकडा दोन-तीन वर्षं एकाच महिन्याचा एकमेकांशी लावून बघितला की मासा घटतोय की वाढतोय ते समजतं. लांबीवरून पण कळतं, सगळेच मोठे मिळत असतील आणि लहान एकही नाही तर मागून येणारी पिढीच नाहीये. रोहूचं डोकं मोठं आणि अंग बारीक दिसलं तर तळ्यात खाणं कमी पडतंय. कटलाचं डोकं मुळातच मोठं असतं, तिच्यावरून ठरवू नका.

खाणं आहे का हे बघायला एक जुनी पांढरी ताटली घ्या, दोरी बांधा, दगड लावून पाण्यात सोडत जा आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजा. साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरला हिरवट पाण्यात दिसेनाशी होत असेल तर मासे पोसायला पाणी चांगलं, तो हिरवेपणा म्हणजेच माशांचं बारीक खाणं. आमच्या जांभ्याच्या कातळावरच्या तळ्यांत पाणी कितीतरी वेळा तळ दिसेल इतकं निवळशंख असतं, दिसायला सुंदर, पण माशाला त्यात फारसं काही मिळत नाही, तिथे कमीच बीज सोडायचं. पावसाळ्यातलं लाल गढूळ पाणी असेल तर ही परीक्षा करू नका, तो चिखल असतो. आणि पिण्याच्या पाण्याचं तळं असेल तर पाणी हिरवं करायला शेण-खत अजिबात टाकायचं नाही.

बीज सोडताना आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट म्हणजे जुलैत बीज मिळालं की जुलैतच सोडतात, आणि पुढच्या मोठ्या पावसात सांडव्यावरून ते सगळं ओहोळात आणि तिथून खाडीत. शक्य असेल तर सांडव्याचा जोर ओसरेपर्यंत बीज छोट्या टाकीत नाहीतर शेततळ्यात वाढवा आणि ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरमध्ये बोटाएवढं झालं की सोडा. बारीक जिरं, म्हणजे नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं, थेट तळ्यात सोडणं म्हणजे मरळीला आणि शिंगटीला जेवण घालणं. वरून खाद्य घालणार नसाल तर हेक्टरी १००० ते २००० बोटुकली पुरे, त्यात कटला वरच्या थरात खाणारी, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, असं तिघांचं साधारण सारखं प्रमाण धरा. पिशवी आणली की लगेच ओतायची नाही, बंद पिशवीच पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि बीज आपणहून बाहेर जाऊ द्या. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, दुपारच्या उन्हात नाही.

गरीचं थोडक्यात सांगतो. सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत, नाहीतर ऊन उतरल्यावर. जागा म्हणजे ओहोळ मिळतो ते तोंड, पाण्यावर वाकलेला उंबर किंवा जांभूळ, आणि बंधाऱ्याजवळचा खोल भाग. रोहूला कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून छोटी गोळी, खवल आणि शिंगटीला गांडूळ. मृगळ हवी तर गोळी तळाला टेकली पाहिजे. रोहू एकदम ओढत नाही, फ्लोट नुसता थरथरतो, मग हळू बाजूला सरकायला लागतो, तेव्हा झटका द्यायचा. मासे सोडणार असाल तर गरीचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका. तुटलेली नायलॉनची दोरी आणि फाटकं जाळं तळ्यात टाकून येऊ नका, ते वर्षानुवर्षं मासे आणि कासवं मारत राहतं. शिंगटीच्या काट्याला जपा, लागला की हात ठणकतो. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आपल्याकडे दरवर्षी माणसं घेऊन जातो. चिपळूण-महाडकडे वाशिष्ठी-सावित्रीत मगरी आहेत, तिकडच्या पाण्यात कंबरभर उभं राहून गरवायचं नाही.

विष, शॉक, जिलेटिन यावर एकच सांगतो. पाण्यात विष किंवा स्फोटक टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आणि त्याने बोटुकली, अंडी, बेडूक, खेकडे सगळं एका दुपारी मरतं, शॉकमध्ये तर माणसंही गेलीत. कोणी करताना दिसलं तर तिथे एकट्याने भांडत बसू नका, फोटो काढा आणि सरपंचांना, पोलीस पाटलांना लगेच कळवा.

शेवटचं काम एप्रिलमधलं. मे महिन्यात पाणी आटून निम्म्यावर येतं, मासे तेवढेच असतात, आणि पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी झालेला असतो, तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. तसं दिसायला लागलं की लगेच पंप लावून तेच पाणी उंचावरून तळ्यात परत पाडा, त्या दिवशी खाद्य-बिद्य काही टाकू नका. पण त्याच्या आधीच, एप्रिलमध्ये, वहीत बघून मोठे रोहू-कटला काढून घ्या, चिलापी जमेल तेवढी काढा, आणि बंधाऱ्याजवळचा सगळ्यात खोल खड्डा आहे तिथे जाळं अजिबात टाकू नका, कारण पहिला पाऊस येईपर्यंत मरळ, वाम आणि खवल तिथेच दम धरून असतात.