बोटं टेकवायची घाई आणि योगवर्गातल्या इतर चुका

नवा माणूस वर्गात आला की पहिल्या पाच मिनिटांत एक गोष्ट हमखास करतो. उभ्या उभ्या खाली वाकतो आणि बोटं जमिनीला टेकतात का ते बघतो. टेकली नाहीत की शेजाऱ्याकडे बघून हसतो आणि आणखी जोरात हिसका मारतो. साताऱ्यात शाहूपुरीत जा की गोडोलीत, पहाटे सहाच्या बॅचला हे दृश्य ठरलेलं. पुढच्या निम्म्या तक्रारी या हिसक्यातून निघतात, म्हणून आधी त्याचंच बघू.

पादहस्तासनात (उभं राहून) किंवा पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून) वाकायचं ते खुब्यातून. मांडीमागचे स्नायू, ज्यांना सगळे आता हॅमस्ट्रिंगच म्हणतात, वरच्या टोकाला बसण्याच्या हाडाला जोडलेले असतात आणि खाली गुडघ्याच्या पलीकडे जातात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचे हे स्नायू आखडलेले असतात. त्यामुळे खुब्यातलं वळण अर्ध्यावर थांबतं आणि उरलेलं वाकणं कमरेचे मणके करतात. पाठीचं कासव होतं, मान लोंबते, बोटं मात्र दोन इंच खाली जातात. माणसाला वाटतं, प्रगती झाली. त्यात वेळ पहाटेची. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यावर पहिल्या तासाभरात कमरेतून पूर्ण वाकलं की त्यांच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. पाच वाजता उठून साडेपाचला पायाचे अंगठे धरणाऱ्यांची कंबर आठला का धरते, याचं कोडं पडायला नको.

तपासायला घरातली मॉपची दांडी पुरते. ती पाठीवर उभी धरा. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकली पाहिजे. आता वाका. ज्या क्षणी एक जागा सुटेल तिथे तुमचं आजचं वाकणं संपलं. बहुतेकांचं ते गुडघ्यांच्या बरंच वर संपतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मग गुडघे थोडे वाकवा, इतके की पोट मांड्यांच्या जवळ येईल. हात जमिनीवर नेण्यापेक्षा दोन विटांवर ठेवा. फोमच्या मिळतात, लाकडी उत्तम, आणि दोन्ही नसतील तर स्टूल चालतं. तीस सेकंद थांबायचं, झटके द्यायचे नाहीत, तीन वेळा. बसून करताना ढुंगणाखाली घडी केलेली घोंगडी घ्या, दोन-तीन इंच उंच, म्हणजे खुबा पुढे झुकायला मोकळा होतो. सगळ्यात सुरक्षित प्रकार उताणं झोपून करायचा. एका तळव्यात पट्टा अडकवून पाय वर, दुसरा पाय जमिनीवर सरळ. पट्टा विकत घ्यायलाच हवा असं नाही, काकूंची ओढणी किंवा पंचा तितकंच काम करतो. पट्टे, विटा, घोंगड्या ही पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी रुळवलेली पद्धत. ती वापरणारा कच्चा, असं समजणारे लोक अजून भेटतात. त्यांना आधी त्यांच्याच पाठीचा फोटो दाखवावा.

या चुकीची किंमत केवढी असते ते एका पळणाऱ्या गृहस्थांवरून कळेल. सातारा हिल मॅरेथॉनची तयारी करणारे, आठवड्यातून चारदा यवतेश्वरचा घाट चढणारे, वय पंचेचाळीसच्या आसपास. पावसाळ्याच्या तोंडावर वर्गात आले ते एकच मागणी घेऊन: "सर, तेवढे पाय मोकळे करून द्या, बाकी योग नंतर बघू." विटा दिल्या, घेतल्या नाहीत. घरीही सकाळ-संध्याकाळ हिसके चालू. नवव्या दिवशी बोटं टेकली, बॅचमध्ये टाळ्या वाजल्या. चार दिवसांनी स्कूटरवर बसताना एका बाजूला ढुंगणाच्या खालच्या टोकाशी खोल दुखू लागलं. त्यांनी ते आखडणं समजून ताण दुप्पट केला. तिथेच घोळ झाला. ते दुखणं स्नायूच्या पोटात नव्हतं, हाडाला जोडणाऱ्या कंडऱ्यात होतं, आणि चिडलेला कंडरा ताणून शांत होत नाही. लांब ताणलं की तो त्याच हाडावर आणखी दाबला जातो. फिजिओथेरपिस्टने ताणणं पूर्ण बंद केलं आणि सेतुबंधासन, म्हणजे उताणं झोपून कंबर वर उचलणं, धरून ठेवायला लावलं, आधी दोन पायांवर, मग एका. बरं वाटायला तीन महिने लागले. शर्यत गेली ती गेलीच.

लक्षात ठेवायची खूण एवढीच: ताण मांडीच्या मधोमध जाणवला तर ठीक. गुडघ्यामागे, बसण्याच्या हाडाशी किंवा विजेसारखा पायात उतरणारा जाणवला तर लगेच सोडा. शेवटचा प्रकार पुन्हा झाला तर वर्गात यायच्या आधी डॉक्टरांकडे जा.

दुसरी आवडती चूक कपालभातीतली. यात श्वास जोराने सोडायचा असतो आणि घ्यायचा तो आपोआप आत येऊ द्यायचा. नवखा उलटं करतो: जोरात ओढतो, खांदे उचलतो, आणि श्वास सोडताना पोट बाहेर ढकलतो. हात बेंबीवर ठेवा. श्वास सुटताना हात आत गेला पाहिजे. नाकासमोर कागदाची पातळ पट्टी धरली तर ती फक्त सोडताना हलेल, तोंड वेडंवाकडं होणार नाही, खांदे जागचे हलणार नाहीत. सुरुवातीला सेकंदाला एक या गतीने तीस ठोके, मग मिनिटभर शांत श्वास, अशा तीन फेऱ्या. बस्स. पाचशे-हजाराचे आकडे सांगणाऱ्यांचा इथे काही उपयोग नाही. बोटांना मुंग्या येणं, डोकं हलकं होणं याला कुणी ऊर्जा जागी होणं म्हणतं. जास्त वेगाने श्वास फेकल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याची ती खूण आहे. थांबा आणि साधा श्वास घ्या. गरोदरपण, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया यांत कपालभाती नाही म्हणजे नाही. पाळीच्या दिवसांतही सोडून द्या.

सूर्यनमस्काराचं वेड आपल्या जिल्ह्याला जुनं. औंध इथून जवळ, आणि तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार लावले होते. त्यामुळे रथसप्तमीला एकशे आठ घालायचे हे इथल्या मुलांना सांगावं लागत नाही. अडचण अशी की काही जण वर्षभर काही करत नाहीत आणि त्या एका सकाळी एकशे आठ घालतात. मनगटं आणि खांदे दुसऱ्या दिवशी हिशेब मागतात. बारा नमस्कार, प्रत्येक स्थितीला एक श्वास, साधारण दहा-बारा मिनिटांत. ते नीट झाले की आठवड्याला दोन-तीन वाढवा. बघायचं काय? साष्टांगाकडे जाताना कोपरं बाहेर फाकतात का, फळीसारखं शरीर ठेवायच्या वेळी कंबर खाली लोंबते का, आणि एक पाय मागे नेण्याच्या स्थितीत, म्हणजे अश्वसंचालनात, पुढच्या पायाचा गुडघा टाचेच्या पुढे पळतो का. पहिल्या दोन्ही चुका थकल्याच्या खुणा असतात. त्या दिसल्या की मोजणं थांबवा, मग आकडा सात असो की सत्तर.

सर्वांगासन, म्हणजे खांद्यांवर उभं राहणं, हे व्हिडिओ बघून घरी करायचं आसन नाही. मान सपाट जमिनीवर ठेवून शरीर उभं केलं की वजन मानेच्या मणक्यांवर येतं. तीन-चार घोंगड्यांची घट्ट, सरळ कडेची घडी खांद्यांखाली, डोकं खाली जमिनीवर, असं करून वजन खांद्यांवर घ्यायचं. वर असताना मान वळवून शेजाऱ्याशी बोलायचं नाही, हे सांगावं लागतं. काचबिंदू, डोळ्यातल्या पडद्याचा त्रास, उच्च रक्तदाब किंवा मानेचा स्पाँडिलोसिस असेल तर विपरीत करणी, म्हणजे पाय वर करायचा सौम्य प्रकार, तीसुद्धा शिक्षकांना विचारूनच.

आता पटापट. जेवणानंतर तीन ते चार तास जाऊ द्या. अर्धा कप चहा चालेल, पोहे नाही. मोजे काढा, फरशीवर ते घसरतात. दहा मिलिमीटरची गुबगुबीत मॅट वृक्षासनात, म्हणजे एका पायावर उभं असताना, पाय डगमगवते, चार ते सहा मिलिमीटर पुरे, गुडघे दुखत असतील तर त्यांच्यापुरती घडी घ्या. वज्रासनात गुडघ्याच्या आत कळ आली तर मांडी आणि पोटरीच्या मध्ये टॉवेल ठेवा, 'सवय होईल' म्हणून दात खाऊ नका. जलनेतीचं, म्हणजे नाक धुवायचं, पाणी उकळून कोमट केलेलं, अर्धा लिटरला चहाचा सपाट चमचाभर मीठ. साधं पाणी झोंबतं. नंतर पुढे वाकून हलके श्वास सोडून नाक पूर्ण कोरडं करा, नाहीतर दुपारपर्यंत डोकं जड.

मागच्या रांगेत लपणं ही वेगळीच चूक. लाज वाटते म्हणून नवे लोक भिंतीशी उभे राहतात, तिथून शिक्षक दिसत नाहीत आणि शिक्षकांना ते दिसत नाहीत. दुसऱ्या रांगेत, कडेला उभं राहा. शस्त्रक्रिया, पाळी, गरोदरपण, रक्तदाबाच्या गोळ्या हे पहिल्याच दिवशी बाजूला बोलावून सांगा. काकू, बाबा, पोरं सगळी एकत्र असलेल्या वर्गात हे मोठ्याने विचारता येत नाही, त्यामुळे सांगायची जबाबदारी तुमची.

आणि शवासनात मॅट गुंडाळणारे. दूधवाला येतो, मुलाची शाळा असते, सगळं कबूल. पाच मिनिटं नसतील तर शेवटचं एक आसन सोडा, शवासन सोडू नका. उठताना उजव्या कुशीवर वळा, दोन-तीन श्वास तिथेच थांबा आणि हाताच्या आधाराने बसा. थेट उठलात तर रक्तदाब कमी असलेल्यांना भोवळ येते.

मॅट गुंडाळायचीच असेल तर पावसाळ्यात घामाने ओली असताना गुंडाळू नका. साताऱ्याच्या पावसात ती आठवडाभर वाळत नाही आणि काळे ठिपके धरते. ओल्या कपड्याने पुसून सावलीत दोरीवर टाका. उन्हात टाकली तर रबर तडकतं.