घरून क्लस्टरवर काम करताना तुटणारं कनेक्शन: माझा अनुभव

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा (45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, म्हणजे फाइली अगडबंबच) मी क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) ठेवते आणि घरून एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) काम करते. कासा या सॉफ्टवेअरमध्ये इमेजिंग (डेटापासून आकाशाचं चित्र बनवणं) लावून जेवायला उठलं की येईपर्यंत स्क्रीन गोठलेली, मग ‘ब्रोकन पाइप’ हा कनेक्शन तुटल्याचा संदेश, आणि चालू काम बंद.

टाइप करत असताना मात्र कनेक्शन कधीच तुटत नव्हतं. तिथेच धागा सापडला: घरचा राउटर बराच वेळ शांत असलेलं कनेक्शन आपल्या नॅटच्या (चालू कनेक्शनांच्या) यादीतून काढून टाकत होता. लॅपटॉपच्या एसएसएच कॉन्फिग फाइलमध्ये ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ 60 केलं. आता गप्प असतानाही दर मिनिटाला छोटासा निरोप जातो.

पण खरा आधार क्लस्टरवर चालणाऱ्या टीमक्स या प्रोग्रामचा. त्यात लावलेलं काम तिकडेच चालत राहतं, इकडे वीज गेली तरी. पुन्हा लॉगिन करून ‘टीमक्स अटॅच’ केलं की सगळं जिथल्या तिथे! नव्या विद्यार्थ्यांना हे पहिल्याच दिवशी दाखवायला हवं. फक्त लॉगिन नोडवर (लॉगिन केल्यावर आपण क्लस्टरच्या ज्या संगणकावर पोचतो त्यावर) जड काम चालवू नका, तो सगळ्यांचा आहे. टीमक्सच्या आतूनच स्लर्मकडे (क्लस्टरवरची कामं वाटून देणारा प्रोग्राम) कंप्यूट नोड, म्हणजे जड कामासाठीचा संगणक, मागा.

फाइली उतरवायला एससीपी या साध्या कॉपी कमांडऐवजी आरसिंक ही कमांड, ‘पार्शल’ पर्यायासह. मध्येच तुटलं तरी उतरलेला भाग वाया जात नाही.