परसबागेच्या कुंपणासाठी जिवंत खांब
तारेच्या कुंपणात तार टिकते, पण लाकडी खांब वाळवीने आणि पावसाच्या ओलीने जमिनीलगत लवकर कुजतात, तर सिमेंटचे खांब लहान बागेला महाग पडतात. अशा ठिकाणी गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडाच्या, पुरल्यावर मुळे धरणाऱ्या फांद्यांचे जिवंत खांब मला सर्वांत सोयीचे वाटतात.

१. पावसाळ्याच्या तोंडावर, मनगटाएवढ्या जाड आणि सुमारे २ मीटर लांबीच्या पक्व, सरळ फांद्या निवडाव्यात. कोवळ्या फांद्या बहुधा सडतात.

२. खालचे टोक तिरके कापून फांदी ३० ते ४० सेंटीमीटर खोल पुरावी व भोवतीची माती घट्ट दाबावी. दोन खांबांत दीड ते दोन मीटर अंतर पुरे.

३. पहिल्या पावसाळ्यात तार केवळ सैल बांधावी आणि मुळे धरल्यावरच ताणावी. खोडाला तारेचे वेढे मात्र कधीही आवळू नयेत, कारण जाडी वाढली की तार सालीत रुतते.

दरवर्षी छाटलेला पाला वाफ्यांत हिरवळीचे खत म्हणून घालता येतो, आणि हा लाभ कोणत्याही विकतच्या कुंपणातून मिळत नाही. शेळ्या हा पाला खाऊ शकतात, म्हणून कोवळी फूट त्यांच्या तोंडाच्या वर राहील, अशी उंची ठेवावी. बिया व साल विषारी असल्याने लहान मुलांना त्यांपासून दूर ठेवावे.