पांढऱ्या गाडीवरचे नारिंगी ठिपके

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शेडबाहेर दोन पावसाळे उभी राहिलेली मित्राची पांढरी स्पोर्ट्स कार. शाम्पूनं दोनदा धुतली, तरी बॉनेटवर तिखट सांडल्यासारखे बारीक ठिपके तसेच. गडी थेट रीपेंटचा भाव काढायला निघाला होता!

खानापूरकडची लाल माती असती, तर धुण्यातच गेली असती. हे लोखंडाचे कण. फाउंड्रीतून, ग्राइंडिंगमधून, ब्रेकमधून उडतात, रंगात रुततात आणि तिथंच गंजतात.

हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर:

१. गाडी सावलीत घ्या, पत्रा थंड होऊ द्या. आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण) फवारा. दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ सुटतात, पांढऱ्यावर तर फारच उठून दिसतात. वास कुजक्या अंड्यासारखा येतो, म्हणून उघड्यावर आणि हातमोजे घालूनच करा. सुकायच्या आत भरपूर पाण्यानं धुवा.

२. उरलेल्या खरखरीसाठी क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारी मऊ, चिकणमातीसारखी वडी. शाम्पूचं पाणी मारत, न दाबता, सरळ रेषेत फिरवा. मळला की दुमडून स्वच्छ बाजू वर घ्या.

३. मग पॉलिश, शेवटी वॅक्स. पॉलिशच्या काळ्या फडक्यावर पांढरं उतरलं, तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, प्रत्यक्ष रंगच निघतोय. तिथं मशीन बाजूला ठेवून हातानंच थोडंसं घासा.

क्ले हातातून जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या. त्यात चिकटलेला एक खडा अख्ख्या दारावर ओरखडे पाडतो.