सह्याद्रीत लँडस्केपचे फोटो काढताय? या चुका टाळा

आमच्या ट्रेकिंगच्या मित्रमंडळींत एक जुनी पद्धत आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं, लॅपटॉप टीव्हीला जोडायचा आणि एकमेकांचे फोटो मोठ्या पडद्यावर लावून त्यावर मोकळेपणाने बोलायचं. नवी मुलं-मुली येतात, जुनी नोकरी-संसारात अडकतात, पण पडद्यावरच्या चुका बदलत नाहीत. त्यांतल्या फारच थोड्या कॅमेऱ्यामुळे होतात, बाकी सगळ्या घाईमुळे. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

शार्प येत नाही म्हणून लेन्स बदलणं

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकली आहे. एक मुलगा हरिश्चंद्रगडावरून आला तो लेन्स विकायचंच ठरवून. "काका, लेन्सच भंगार आहे, एकही फोटो शार्प नाही." मी म्हटलं, विकायची ती वीक, आधी एक फाइल उघड. कोकणकड्यावरची सकाळ होती. पुढे कातळ, कातळाच्या फटीतलं गवत, मागे कड्याची कमान आणि खाली ढग. जागा छान निवडली होती. शंभर टक्के झूम केल्यावर दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे सगळा फोटो सारखाच मऊ होता, जवळचा कातळही आणि लांबचा कडाही. दुसरं, कातळाच्या उभ्या कडा दुहेरी दिसत होत्या, आडव्या मात्र ठीक होत्या.

सेटिंग बघितलं: एपीएस-सी म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, एफ/22 (आकडा मोठा तितकं अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बारीक), पाव सेकंद, आयएसओ 100. एफ/22 कशाला, विचारलं तर म्हणाला, सगळं फोकसमध्ये यावं म्हणून. तेवढ्यात दुसऱ्या एकाने अमेरिकेतल्या नामवंत निसर्ग-छायाचित्रकार अँसल अ‍ॅडम्सचा दाखला दिला. अ‍ॅडम्स आणि एडवर्ड वेस्टन यांनी सोबत्यांसह 1932 मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात काढलेल्या फोटोग्राफरांच्या गटाचं नावच एफ/64 होतं, मग एफ/22 ला काय हरकत आहे?

हरकत अशी की त्या मंडळींची निगेटिव्ह आठ बाय दहा इंचांची असायची. अपर्चर फार बारीक केलं की त्यातून जाणारा प्रकाश पसरतो आणि प्रत्येक बिंदूचा ठिपका होतो. निगेटिव्ह एवढी मोठी असेल तर तो ठिपका फारसा वाढवावा लागत नाही, त्यामुळे खपून जातो. आपला सेन्सर नखाएवढा, त्याचं चित्र टीव्हीभर ताणलं की ठिपकाही तेवढाच ताणला जातो. हिशेब केला तर आठ बाय दहावरचं एफ/64 म्हणजे आजच्या फुल फ्रेमवरचं (35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवरचं) साधारण एफ/9. एपीएस-सीवर तर ते एफ/6 च्या आसपास येतं. अ‍ॅडम्सचं नाव घेऊन एफ/22 लावणारे त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असतात.

माझी सवय सांगतो. एपीएस-सीवर एफ/8 लावून ठेवायचं. पुढ्यात दोन-तीन फुटांवर दगड किंवा फूल असेल तर एफ/11. त्याच्या पुढे मी जात नाही. तेवढ्यानेही जवळचं आणि लांबचं दोन्ही मिळत नसेल तर दोन फोटो काढतो, एक जवळच्या दगडावर फोकस करून आणि एक लांबच्या कड्यावर, आणि घरी जोडतो. "एक तृतीयांश आत फोकस करा" हा नियम मला कधीच पटला नाही. समोर कोकणाएवढी दरी असताना तिचा एक तृतीयांश कुठे मोजणार? लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून डोळ्यांनी खात्री करायला दहा सेकंद लागतात. पहाटे तीनला उठून गड चढलेल्या माणसाने ते दहा सेकंद द्यायला हवेत.

दुहेरी कडांचं कारण वेगळं होतं. त्याने ट्रायपॉडचा मधला दांडा पूर्ण वर काढला होता. कोकणकड्यावर खालून वर येणारा वारा ज्याने अनुभवला आहे त्याला यापुढचं सांगायला नको. दांडा वर काढला की तीन पायांचा ट्रायपॉड एका पायावर उभा राहतो. तो खालीच ठेवा, हवं तर गुडघ्यावर बसा. बॅग दांड्याला अडकवत असाल तर ती जमिनीला टेकू द्या. हवेत झुलणारी बॅग ट्रायपॉडलाही हलवते. जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

त्या मुलाला म्हटलं, भिंतीवर वर्तमानपत्र चिकटव, ट्रायपॉडवरून एफ/5.6 पासून एफ/22 पर्यंत प्रत्येक अपर्चरला एक फोटो काढ आणि छोटी अक्षरं वाच. पुढच्या वेळी तो ते फोटो घेऊन आला. एफ/8 ला बातमीतलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, एफ/22 ला अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा भरून आली होती. लेन्स त्याने विकली नाही. नंतर नाणेघाटातून त्याच लेन्सने काढलेला फोटो त्याने मोठा छापून घेतला, तो मी जवळून पाहिला आहे.

हवेवर हलणारं गवत मात्र ट्रायपॉडने थांबत नाही. तिथे आयएसओ 800 करा आणि शटरचा वेग वाढवा. आयएसओ 100 सोडायचंच नाही, हा हट्ट कुठून आला कोण जाणे. थोडे दाणे आलेलं गवत चालतं, पुसलेलं गवत चालत नाही.

सूर्य बुडाला की आवरायला घेणं

आपल्याकडे 18-19 अंश अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरतो. मावळल्यावर क्षितिजाखाली सहा अंश जायला त्याला 22 ते 24 मिनिटं लागतात, आणि फोटोपुरता संधिप्रकाश साधारण तेवढाच टिकतो. उत्तर युरोपात राहणाऱ्यांच्या व्हिडिओंत हा संधिप्रकाश लांबत जातो, तसा इथे लांबत नाही. म्हणूनच ही बावीस-चोवीस मिनिटं सोन्याच्या मोलाची आहेत. वरच्या थरात ढग असतील तर रंग बहुतेक वेळा सूर्य दिसेनासा झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी चढतो, आणि नेमकी तेव्हा मंडळी बॅगांच्या चेन लावत असतात. हेडलॅम्प जवळ ठेवा, उतरायची वाट उजेडात बघून ठेवा आणि थांबा. या चुकीवर दुसरा इलाज मला माहीत नाही.

थोडक्यात आटपणाऱ्या

समुद्राचं क्षितिज तिरपं. कॅमेऱ्यात लेव्हल असते, ती चालू करा.

अल्ट्रावाइड लेन्सवर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावून निळं आकाश घेणं. सूर्यापासून नव्वद अंशांवरचा पट्टा काळपट होतो आणि बाकीचं आकाश फिकट राहतं. पोलरायझर पावसाळ्यात ओल्या कातळावरची आणि पानांवरची चमक काढायला वापरा, तिथे त्याच्यासारखं काही नाही.

दहा स्टॉपचा एनडी (प्रकाश साधारण हजारपट कमी करणारा काळा फिल्टर) लावल्यावर फोकस करू बघणं. आधी फोकस करा, मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर चढवा. 1/30 सेकंदाचे साधारण 34 सेकंद होतात, ते पाठ करून ठेवा. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाका, नाहीतर मागून उजेड शिरतो.

रात्री लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवणं. एखादा ठळक तारा झूम करून तो बारीकात बारीक होईपर्यंत रिंग फिरवा आणि चिकटपट्टी लावा.

एसी गाडीतून उतरून दमट हवेत लगेच कॅमेरा काढणं. लेन्सवर बाष्प धरतं. बॅग बंद ठेवून कॅमेरा बाहेरच्या हवेइतका गरम होऊ द्या.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून एक्स्पोजर ठरवणं. पहाटेच्या अंधारात स्क्रीन नेहमीच उजळ वाटते. हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, बघा.

पावसाळ्याचा हिरवा आणखी हिरवा करणं

श्रावणातला सह्याद्री मुळातच इतका हिरवा असतो की कॅमेऱ्यालाच तो झेपत नाही. त्यावर सॅच्युरेशन वाढवलं की भाताची खाचरं, घाटातलं रान आणि कातळावरचं शेवाळ सगळं एकाच प्लास्टिकच्या रंगाचं होतं. खऱ्या डोंगरात दहा हिरवे असतात. मी उलट करतो: पिवळ्या आणि हिरव्याचं सॅच्युरेशन जरा उतरवतो आणि हिरव्याची झाक किंचित पिवळ्याकडे नेतो. मग खाचर वेगळं दिसतं, रान वेगळं दिसतं. धुकं काढून टाकणारा स्लायडर तर पावसाळ्यात हात न लावलेला बरा. धुक्यासाठीच तर आपण तिथे गेलेलो असतो.

दुसरीकडचं आकाश आणून चिकटवणं

याबद्दल मला मनापासून चीड आहे, तेव्हा जरा विस्ताराने लिहितो.

राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याचा रात्रीचा फोटो एकाने आणला. पुढे माचीची दुहेरी तटबंदी, मागे तोरण्याची काळी आकृती आणि तिच्या डोक्यावर आकाशगंगेचा धगधगता गाभा. खोलीत सगळ्यांनी दाद दिली. मला मात्र काहीतरी टोचत होतं. राजगडावरून तोरणा दिसतो पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून. आकाशगंगेचा गाभा आपल्या अक्षांशावर आग्नेयेला उगवतो, दक्षिणेला चाळीस-बेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि नैऋत्येला मावळतो. संजीवनी माचीवरून तो तोरण्याच्या माथ्यावर कोणत्याही रात्री, कोणत्याही महिन्यात येऊ शकत नाही.

मग फाइलवरची तारीख बघितली. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, म्हणजे ऐन धनुर्मास. तेव्हा सूर्य स्वतः धनू राशीत, त्या गाभ्याच्या शेजारी असतो, त्यामुळे गाभा दिवसा आकाशात आणि रात्री क्षितिजाखाली. ज्याच्या घरात धनुर्मासाची खिचडी होते त्याला हे पंचांगावरूनही ताडता येईल. शिवाय तटबंदीवर चांदण्याची स्पष्ट सावली पडली होती. एवढं चांदणं असेल तर आकाशगंगा इतकी ठसठशीत दिसत नाही.

विचारल्यावर त्याने कबूल केलं की आकाश दुसरीकडचं आहे, सॉफ्टवेअरने एका क्लिकवर बसवलं. फोटोशॉपमध्ये ही सोय 2020 मध्ये आली तेव्हापासून हा प्रकार फार वाढला आहे. तो म्हणाला, "पण छान दिसतंय ना?" दिसत होतं. पण तो फोटो बघून उद्या कोणी थंडीत कुडकुडत त्या माचीवर रात्र काढेल आणि हात हलवत परत येईल. त्याची मूळ फाइल नंतर बघितली. साधं चांदणं, तोरण्यावर विरळ ढगाची एक पट्टी, तटाची लांब सावली. तो फोटो खरा आणि उत्तम होता, आणि त्याने तो कोणाला दाखवलाच नव्हता. याचं मला जास्त वाईट वाटलं.

गाभा गडाच्या सोबत हवाच असेल तर उलटं करा. तोरण्यावरून राजगड पूर्व-आग्नेयेला दिसतो आणि गाभा त्याच्या जरा उजवीकडून वर येतो. मार्चमध्ये मध्यरात्र उलटल्यावर, एप्रिलअखेरीस दहा-अकराच्या सुमारास. अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा. गडावर मुक्कामाची परवानगी आहे का, ते आधी विचारा. जूनपासून ढग आले की संपलं, त्यामुळे हाताशी फार थोड्या रात्री असतात.

काजव्यांच्या फोटोलाही हेच लागू आहे. मे अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत भंडारदऱ्याकडे जे फोटो निघतात, ते बहुतेक अनेक एक्स्पोजर एकावर एक चढवून केलेले असतात. त्यात गैर काही नाही. किती एक्स्पोजर जोडली ते सांगा, म्हणजे नवा माणूस तिथे जाऊन निराश होणार नाही. आणि टॉर्च मारू नका, काजवे उजेडाने विझतात.

फोरग्राउंडसाठी फुलं तुडवणं

कास पठारावर चांगला कोन मिळावा म्हणून ताटव्यात पाय टाकणाऱ्यांचा फोटो मी पडद्यावर लावूच देत नाही. टोपली कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. पायवाटेवरून, लांब लेन्सने, खाली वाकून जे मिळेल ते घ्या.

"मस्त क्लिक" म्हणणं, आणि तेवढंच ऐकायला येणं

"अप्रतिम", "कडक", "एक नंबर" हे ऐकून कोणाचा फोटो सुधारलेला मी पाहिला नाही. "कॅमेरा कोणता?" या प्रश्नानेही नाही. फोटो बघताना आधी एवढंच सांगा की तुमची नजर पहिल्यांदा कुठे गेली. मग ज्याने काढला त्याला विचारा की ती कुठे जावी असं त्याला वाटत होतं. दोन उत्तरं जुळली नाहीत की चूक कुठे आहे ते तिथल्या तिथे कळतं: कोपऱ्यातला पांढरा ढग, कडेने घुसलेली फांदी, मधोमध पडलेली लाल पावसाळी टोपी. सेटिंगचं बोलणं त्यानंतर.

दाखवणाऱ्याने तयार फोटोसोबत मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेली, प्रक्रिया न केलेली) आणावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आम्ही तुमच्या लेन्सऐवजी कॉम्प्रेशनवर बोलत बसतो. वीस नको, तीनच आणा, आणि त्यांतला एक असा असू द्या जो बिघडलाय हे तुम्हाला कळतंय पण का बिघडलाय ते कळत नाहीये. चांगली चर्चा त्याच फोटोवर होते.