विणीच्या हंगामात स्टडफार्मवर येणाऱ्या नव्यांसाठी

आमच्या घरी म्हशी. फलटणकडच्या गावात म्हैस वेणा द्यायला लागली की आई आधी चुलीवर चहा ठेवायची, कारण रात्र लांबणार हे ठरलेलं. पुढे शिरवळला पशुवैद्यकीय शिक्षण घेताना अडलेल्या गाई-म्हशीही पुष्कळ हाताळल्या. त्यामुळे पुण्याजवळच्या एका स्टडफार्मवर पहिल्यांदा रुजू झाले तेव्हा विण मला कळते, अशी माझी खात्री होती. पहिल्याच आठवड्यात एक घोडी पाणमोट फुटल्यापासून अठरा मिनिटांत मोकळी झाली. मी हातमोजे चढवेपर्यंत शिंगरू पेंढ्यावर आलेलं होतं.

गाई-म्हशींवर हात बसलेल्या माणसाने घोडीकडे येताना हीच गोष्ट आधी मनात रुजवायला हवी. गाईची वार, म्हणजे गर्भाला पोसणारं आवरण, बटणांसारख्या गाठींनी गर्भाशयाला धरून असते. वासरू बाहेर यायला तास-दीड तास लागला तरी सहसा बिघडत नाही. घोडीची वार मखमलीसारखी सगळ्या अस्तरभर चिकटलेली असते आणि कळांचा जोर वाढला की ती झपाट्याने सुटते. ती सुटली की शिंगराला मिळणारा प्राणवायू थांबतो. पाणमोट फुटल्यापासून वीस ते तीस मिनिटं, एवढाच वेळ हातात असतो. डॉक्टर दहा किलोमीटरवर असले तर ते पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा निकाल लागलेला असतो. म्हणून या कामातलं नव्वद टक्के काम त्या रात्रीच्या आधीच उरकलेलं असावं लागतं.

थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांचा वाढदिवस आपल्याकडे १ जानेवारीला धरतात. ३१ डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू दुसऱ्याच दिवशी कागदावर एक वर्षाचं होतं आणि शर्यतीत आपल्यापेक्षा वर्षभर मोठ्या घोड्यांसोबत धावतं. म्हणून शिंगरं जानेवारी उजाडल्यानंतर, पण होता होईल तेवढी लवकर व्हावीत, अशी सगळ्यांची धडपड असते. पण घोडीचा माज दिवसाच्या उजेडावर चालतो आणि थंडीच्या लहान दिवसांत ती माजावर येत नाही. त्यावर उपाय म्हणून रिकाम्या, म्हणजे गाभण नसलेल्या घोड्यांच्या बॉक्समध्ये (तबेल्यातल्या खोलीत) डिसेंबरपासूनच दिवे लावून दिवस सोळा तासांचा करतात. नव्या माणसाच्या वाट्याला बऱ्याचदा हे दिव्यांचं काम येतं. ते हलकं समजू नका. एखाद्या रात्री दिवा लावायचा राहिला तरी आठवड्यांची मेहनत विस्कटू शकते. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, घोडाच दाखवावा लागतो, म्हणून घोडा दाखवल्याची तारीख वहीत पक्की असते. त्या तारखेपासून साधारण ३४० दिवस मोजायचे. ३२० दिवसांची आणि ३६५ दिवसांची, दोन्ही धडधाकट शिंगरं मी पाहिली आहेत, तेव्हा फळ्यावरची तारीख अंदाजासाठी असते. खरी खबर कास देते.

गाभणपणाच्या पहिल्या सात-आठ महिन्यांत चांगल्या तब्येतीच्या घोडीला जास्तीचं काही भरवायची गरज नसते. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना लागाव्यात. शिंगराची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते आणि आहार वाढवायचा तो तेव्हा. ओट, लसूणघास, खनिज मिश्रण. आपल्याकडे गव्हाचा कोंडा सढळ हाताने घालण्याची सवय आहे. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, त्यामुळे रोजच्या चंदीत तो फार झाला तर हाडांचा तोल बिघडतो. बुरशी लागलेला चारा तर गाभण घोडीसमोर टाकायचाच नाही, मग कितीही महाग घेतलेला असो. रोज मोकळं फिरू द्या. दिवस भरत आले की पोटाखाली सूज दिसते. ती बरीचशी फिरण्यानेच ओसरते आणि ती पाहून नवा माणूस उगाच घाबरतो.

लसींचं वेळापत्रक पाठ करा. हर्पिस विषाणूमुळे घोड्या शेवटच्या महिन्यांत गाभडतात, आणि एक गाभडली की तोच रोग शेजारच्या बॉक्समध्ये जातो. त्याची लस पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात देतात. धनुर्वाताची लस विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी, म्हणजे चिकातून शिंगरालाही संरक्षण मिळतं. बाहेरून आलेला घोडा गाभण घोड्यांच्या पॅडॉकमध्ये (कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत) सोडायचा नाही. मालक कितीही घाईत असला तरी नाही म्हणायला शिका. नव्या माणसाला हे जड जातं, मलाही गेलं, पण मी तिथे एकदा गप्प बसले त्याची टोचणी मला अजून आहे.

विण्याच्या निदान चार आठवडे आधी घोडीला ती जिथे विणार त्याच तबेल्यात हलवायचं. तिथल्या हवेतल्या-मातीतल्या जंतूंशी तिचं शरीर ओळख करून घेतं आणि तेच संरक्षण चिकात उतरतं. बॉक्स ऐसपैस हवा, चौदा बाय चौदा फूट असेल तर छान. अंथरायला पेंढा किंवा काड घ्या. लाकडाचा भुसा नको, तो ओल्या शिंगराच्या नाकातोंडाला चिकटतो. काही घोड्यांचा मायांगाचा वरचा भाग टाके घालून शिवलेला असतो. तो विण्यापूर्वी दोनेक आठवडे तरी डॉक्टरांकडून उघडून घ्यावा लागतो. कोणाचे टाके उघडले आणि कोणाचे बाकी, हे फळ्यावर लिहून ठेवा.

आता कास. तीन-चार आठवडे आधी ती भरायला लागते. सड टोकापर्यंत भरले की आठवडा उरला असं समजा. मग सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळट थेंब जमतात. तिथून बहुतेक घोड्या एक-दोन दिवसांत वितात. काही घोड्या मेण दाखवतच नाहीत, म्हणून आम्ही संध्याकाळी दोन थेंब काढून पीएच पट्टीवर पाहतो. आधी ७ च्या वर असलेला आकडा ६.४ पर्यंत उतरला की त्या रात्री झोपायचं नाही. आणि रात्रच असते. दिवसभर शांत उभी राहिलेली घोडी दहानंतर तबेला निवांत झाला की कळा द्यायला लागते. तेव्हा बोलणं बंद, मोबाइलचा उजेड बंद, उभं राहायचं ते लांब.

सामानाची पेटी संध्याकाळीच तपासायची: शेपटी बांधायला पट्टी, स्वच्छ टॉवेल, बोथट टोकाची कात्री, वंगण, हातमोजे, बेंबीसाठी क्लोरहेक्झिडीन, घड्याळ, टॉर्च, ऑक्सिजनचा सिलिंडर, डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद. कात्री. पुन्हा सांगते, कात्री.

माझ्या दुसऱ्या हंगामातल्या फेब्रुवारीत, रात्री अडीचच्या सुमाराला, मी वहीत नोंद करत होते. आमच्याकडे तीस वर्षं घोड्यांत काढलेले एक मामा आहेत. ते दारातून दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, लाल दिसतंय." नेहमी आधी पांढुरकी-निळसर, चकाकणारी पिशवी दिसते. इथे लालभडक मखमल बाहेर आली होती, म्हणजे शिंगराच्या आधी वारच सुटून पुढे आली होती. पुस्तकात हे मी वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं होतं, तरी दोन क्षण माझे पाय हलले नाहीत. मामांनी कात्री माझ्या हातात दिली. लाल पडदा कापला, आतला पांढरा फाडला, दोन्ही पाय धरले आणि कळेसोबत घोडीच्या मागच्या गुडघ्यांच्या दिशेने, खाली ओढलं. शिंगरू निपचित. टॉवेलने खसाखसा चोळलं, नाकपुड्या मोकळ्या केल्या, ऑक्सिजन लावला. मिनिटभराने त्याने मान हलवली. एरवी मी नव्यांना सांगते, हात मागे ठेवा, ओढू नका. लाल दिसलं तर मात्र कोणाला विचारायला थांबू नका.

बाकीच्या वेळी पाहायचं एवढंच: दोन पुढचे पाय, एक किंचित पुढे, खुरांचे तळवे खाली, आणि गुडघ्यांशी टेकलेलं नाक. तळवे वर दिसले, एकच पाय आला किंवा दहा मिनिटं जोर लावूनही काही पुढे सरकलं नाही, तर डॉक्टरांना फोन करा आणि ते येईपर्यंत घोडीला उठवून चालवत ठेवा. नाळ स्वतःहून तुटू द्या. शिंगरू अर्धं बाहेर असताना घोडी थोडी पडून राहते, तेव्हा तिला उठवायची घाई करू नका.

त्यानंतर घड्याळ पुन्हा सुरू होतं. एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत थानाला, तीन तासांत घोडीची वार पडलेली. तीन तास उलटून गेले आणि वार लोंबतेच आहे, तर सकाळची वाट पाहू नका. गाईची वार दिवसभर राहिली तरी ती तग धरते, घोडीच्या अंगात विष भिनतं आणि खुरांपर्यंत जातं. वार हाताने ओढायचीही नाही. पडलेली वार जमिनीवर पसरून पूर्ण आहे ना ते पाहा, विशेषतः गर्भाशयाच्या ज्या फाट्यात (शिंगात) शिंगरू नव्हतं, तिकडचं टोक. बहुतेक वेळा तेच आत राहतं.

माझी सर्वांत मोठी चूक चिकाची. शिंगरू उभं राहिलं, आईच्या पोटाखाली गेलं, चुरचुर आवाज आला, मी वहीत "प्यायलं" लिहिलं आणि पुढच्या बॉक्सकडे गेले. सकाळी त्याच्या कपाळावर दूध वाळलेलं होतं आणि आईची कास टम्म. ते सड सोडून कातडी चोखत होतं, आणि कासेतून आपोआप ठिबकणारं दूध त्याच्या डोक्यावर पडत होतं. शिंगरू जन्मतः रक्तात संरक्षण घेऊन येत नाही, सगळं चिकातून मिळतं, आणि आतडी ते चोवीस तासच शोषून घेतात. त्यातही पहिले सहा तास मोलाचे. आम्ही नळीने साठवलेला चीक दिला, पण रक्ततपासणीत प्रमाण कमीच आलं आणि प्लाझ्मा चढवावा लागला. ते शिंगरू वाचलं. तेव्हापासून मी कास हाताने चाचपल्याशिवाय "प्यायलं" लिहीत नाही. ज्या घोडीला भरपूर चीक असतो, तिच्या शिंगराचं पोट भरल्यावर पाव लिटर काढून फ्रीझरमध्ये तारीख घालून ठेवा. आई दगावलेल्या शिंगराला तोच तारतो.

सारंगखेड्याच्या यात्रेतून गाभण मारवाडी किंवा काठियावाडी घोडी घरी आणणाऱ्यांचेही मला फोन येतात. यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे डिसेंबरात. त्यांना मी पहिला प्रश्न विचारते: घोडा कधी दाखवला? बहुतेकांना माहीत नसतं. विकणाऱ्याकडून ती तारीख लिहून घ्या, शक्य तर सोनोग्राफी करून घ्या, आणि शेवटच्या महिन्यात ट्रकचा लांबचा प्रवास टाळा. बाकी सगळं इथल्यासारखंच, फक्त डॉक्टर जास्त लांब, म्हणून कात्री जास्त जवळ.

काम मिळवायचं तर नोव्हेंबरमध्येच फार्मवर जाऊन भेटा. जानेवारी ते मे रात्रपाळी असते, त्या काळात घरचं लग्नकार्यही चुकतं. "मुलगी रात्री तबेल्यात?" हा प्रश्न माझ्या घरीही आला होता. आईला एका रात्री इथे आणलं. ती बॉक्सच्या दाराशी उभी राहिली, घोडी विऊन उठेपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि मग म्हणाली, "चहाला वेळच मिळाला नाही गं."

आणि सातव्या ते दहाव्या दिवसादरम्यान शिंगराला पातळ हगवण लागेल, नेमकी आई पुन्हा माजावर येते तेव्हा. शिंगरू खेळतंय, पितंय आणि ताप नाही, तर शेपटीखालचा भाग धुवून व्हॅसलिन लावा. सुस्त पडलं किंवा प्यायचं थांबलं, तर मात्र डॉक्टरांना उठवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.